माल जागच्या जागी, मग चोरी कशाची?

(द्वितीय वर्ष, कला)

चोरी या शब्दाची आपल्या मनातली व्याख्या फार जुनी आहे. एकाची वस्तू दुसऱ्याने नेली आणि पहिल्याच्या हाती काही उरले नाही, म्हणजे चोरी. खळ्यावरची रास रात्रीत नाहीशी झाली, गोठ्यातली शेळी सकाळी दिसली नाही, की ज्याचे गेले तो बोंब मारतो आणि गाव जागे होते. संगणकाच्या प्रोग्रॅमची, म्हणजेच सॉफ्टवेअरची, नक्कल केली तर यातले काहीच घडत नाही. मूळ माल जागच्या जागी असतो. मालकाला पत्ताही नसतो. मग बोंब कोण मारणार? म्हणूनच ज्या माणसाने जन्मात दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडले नसेल, असा माणूसही हजारो रुपयांचा प्रोग्रॅम 'क्रॅक' करून बिनदिक्कत वापरतो, आणि रात्री त्याला स्वस्थ झोप लागते.

या विषयावर कला शाखेच्या विद्यार्थिनीने का लिहावे, असे काहींना वाटेल. वाटू द्या! विषय वरवर संगणकाचा दिसत असला तरी मुळात तो नीतीचा आहे, आणि नीतिशास्त्राचा पेपर आम्हालाच आहे, विज्ञान शाखेला नाही. शिवाय आपण जो अंक हाती धरून हे वाचत आहात त्या अंकाशीही या विषयाचा संबंध पोहोचतो. तो कसा, ते पुढे येईल. अर्थात संपादक मंडळाने तो परिच्छेद ठेवला तर.

प्रोग्रॅम ही विकण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी पूर्वी यंत्रासोबत प्रोग्रॅमही देत असे, त्याचा वेगळा दाम नसे. १९६९ साली तिने दोहोंची किंमत वेगवेगळी करण्याचे जाहीर केले. पुढे १९७५ मध्ये ऑल्टेअर नावाचा लहानसा संगणक हौशी लोकांच्या हाती आला, आणि त्याच्यासाठी बिल गेट्स, पॉल ॲलन व माँटे डेव्हिडॉफ या तरुणांनी बेसिक भाषेचा प्रोग्रॅम लिहिला. तो भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळत असे. त्या पट्टीच्या नकला कॅलिफोर्नियातील होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी आपसांत वाटून घेतल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी या हौशी मंडळींना एक उघडे पत्र लिहिले. ऑल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे, आणि मिळालेल्या पैशाला खर्ची पडलेल्या तासांनी भागले तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, असा हिशेब त्यांनी त्यात मांडला होता. तेव्हा गेट्स वीस वर्षांचे होते, माझ्याहून एका वर्षाने मोठे. त्यांची आजची संपत्ती डोळ्यांपुढे ठेवून ते पत्र वाचले तर हसू येते. पण मजुरी बुडालेल्या वीस वर्षांच्या पोराचे पत्र म्हणून वाचले, तर मला तरी हसू आले नाही.

कारण मजुरी बुडणे म्हणजे काय हे आमच्या घराला चांगले ठाऊक आहे. माझे वडील सुतार. त्यांच्या हातची पाभर आमच्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. पाभरीचे चाडे म्हणजे लाकडाची एक वाटी. मूठभर बी त्यात सोडले की खालच्या भोकांतून ते सारखे वाटले जाऊन नळ्यांतून जमिनीत उतरते. ती भोके किती तिरकी असावीत, यात सारी कारागिरी. एका भोकात बी जास्त गेले की शेतकरी उगवणीनंतर शिव्या घालतो! वडिलांचे चाडे पाहून शेजारच्या गावच्या सुताराने तसेच चाडे केले. वडिलांनी त्याला कधी चोर म्हटले नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, त्यानं बघितलं, पण बाभळीचा ठोकळा त्यालाच कोरावा लागला ना? दोन दिवस त्याचेही गेले."

हे उत्तर मला बरेच दिवस पुरले. मग ध्यानात आले, की खरा भेद इथेच आहे. सुताराच्या धंद्यात नक्कल करायलाही हात लागतो. नक्कल हीसुद्धा मेहनतच आहे, आणि म्हणून तिला लाज नाही. संगणकात मात्र पहिली प्रत करायला दहा माणसांची दोन वर्षे जातात आणि दुसरी प्रत करायला एक मिनिट. सगळी मजुरी पहिल्या प्रतीत अडकलेली असते. ती मजुरी पुढच्या प्रतींवर थोडीथोडी वसूल करायची, असा तो व्यवहार आहे. दुसऱ्या प्रतीला मेहनत लागत नाही म्हणून ती फुकट, हे म्हणणे म्हणजे पाभर एकदाच केली, मग दर पेरणीला सुताराला पेंढ्या कशाला द्यायच्या, असे म्हणण्यासारखे आहे. आमचे आजोबा बलुत्यावर काम करीत, त्यांना हे वाक्य ऐकवणारे लोक भेटले होते. (बलुत्याची आठवण मी गोड करून सांगत नाही. खळ्यावर सर्वांच्या मागून उभे राहून पेंढ्या मागण्यात काय वाटते, हे आजोबांनी सांगितले आहे. पैसे मोजून घेणे त्याहून बरे, असे त्यांचे मत होते आणि माझेही आहे.)

आता माझ्या आत्येभावाची हकिकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे. आमच्या साऱ्या गोतावळ्यात कॉलेजची पायरी चढलेले आम्ही दोघेच. तो पुण्यात एका लहान कंपनीत इंजिनियर आहे. त्या कंपनीत आराखडे काढण्याचा एक परदेशी प्रोग्रॅम लागतो. परवाने पाच होते आणि काम करणारी माणसे चौदा. साहेबांनी त्याला बोलावून सांगितले, "उरलेल्या नऊ मशिनवर तेवढी सोय करून टाक." त्याने ती केली. त्याच महिन्यात असे झाले, की त्याच्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम, जो दादाने दीड वर्ष खपून लिहिला होता, एका गिऱ्हाइकाने एकच परवाना घेऊन तीन गोदामांत चालवला. दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. कडक पत्राचा मसुदा त्यानेच केला.

दिवाळीत तो हे रंगवून सांगत होता. मी विचारले, "दादा, मग ती नऊ मशिनं?"

"ते वेगळं गं. एवढी मोठी कंपनी, तिला नऊ परवान्यांनी काय फरक पडतो? आमचं मात्र कंबरडं मोडतं. आणि मी नोकरमाणूस. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं केलं असतं. वर साहेबांच्या मनात माझ्याबद्दल अढी बसली असती. घराचा हप्ता तू भरणार आहेस का?"

हप्त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. पण बाकीच्या मुद्द्यांना उत्तर आहे, असे मला वाटते.

थॉमस जोन्स या अभ्यासकाने १९९१ साली मांडलेला एक विचार आमच्या सरांनी वर्गात सांगितला होता. एखादी गोष्ट नीतीच्या दृष्टीने आपल्या मनाला किती बोचेल हे केवळ ती बरी की वाईट यावर ठरत नाही. नुकसान किती मोठे, ते होण्याचा संभव किती, ते लगेच होणार की उशिरा, ज्याचे होणार तो आपल्या जवळचा की दूरचा, ते एकट्यावर पडणार की हजारांत वाटले जाणार, आणि चारचौघे त्या गोष्टीला वाईट म्हणतात की नाही, यांवरही ते ठरते. या तराजूत प्रोग्रॅमची नक्कल घालून पाहा. नुकसान अदृश्य, कधी होईल ते ठाऊक नाही, मालक सातासमुद्रापलीकडे, तोटा असंख्य भागधारकांत वाटलेला, आणि चारचौघे तर हसत हसत तेच करीत आहेत. सहाच्या सहा पारडी हलकी! मग मन बोचणार कशाने? दादाचा स्वतःचा प्रोग्रॅम गेला तेव्हा तीच पारडी जड झाली, कारण तेव्हा मालक तो स्वतः होता. माझा दादा ढोंगी आहे असे मी म्हणत नाही. आपले मन अंतर मोजून दुखते, एवढेच म्हणते. जेम्स रेस्ट या दुसऱ्या अभ्यासकाने तर १९८६ मध्ये असे म्हटले होते, की नीतीच्या निर्णयाची पहिली पायरी म्हणजे इथे काही प्रश्न आहे हे मुळात दिसणे. दादाला साहेबांच्या खोलीत तो दिसलाच नाही. 'सोय' हा शब्द ऐकला की प्रश्न दिसेनासा होतो.

हा दुटप्पीपणा एकट्या दादाचा नव्हे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी आपल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या नकला कोण करतो हे कळावे म्हणून 'ब्रेन' नावाचा विषाणू तयार केला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. तो फ्लॉपीवाटे जगभर पसरला. आणि हेच भाऊ आपल्या दुकानात परदेशी प्रोग्रॅमच्या स्वस्त नकला विकीत, असे 'टाइम' साप्ताहिकाने १९८८ मध्ये छापले होते. आपले ते कष्ट, दुसऱ्याचा तो माल!

मोठ्या कंपन्यांबद्दल मला फार उमाळा आहे असेही नाही. १९९८ साली याच गेट्स यांनी चीनविषयी बोलताना, लोक चोरणारच असतील तर आमचेच चोरोत, त्यांना सवय लागेल आणि पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही पुढे पाहू, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. म्हणजे नकलेचाही उपयोग दुकानदाराला होतोच. उद्योगाच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतात २०१७ साली वापरात असलेल्यांपैकी ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते, असा आकडा आहे. तो विकणाऱ्यांनीच काढलेला असल्यामुळे मी तो जरा हात राखून घेते. शिवाय ज्याने फुकट घेतले तो प्रत्येक जण विकत घेणारच होता, असे कोण म्हणेल? परंतु गेट्स यांचे उद्गार दादाला निर्दोष ठरवीत नाहीत. उलट मला वाटते ते अधिक भीती घालतात. फुकट मिळालेल्या वस्तूची सवय लागली की पुढे सुटका नसते, हे विकणाऱ्यालाच आधी कळलेले असते.

गरिबीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि त्याबाबत आपला कायदासुद्धा आंधळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम आले. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम घातले गेले. जाणूनबुजून चोरटी प्रत संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, असे ते कलम सांगते. पण त्याच कलमात पुढे असेही आहे, की हा वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. शिकणारा पोर आणि कमावणारी कंपनी यांत कायद्याने फरक केला आहे. मीही तो करते. खोलीवर जुन्या लॅपटॉपवर काही शिकू पाहणारा मुलगा आणि चौदा जणांकडून त्याच प्रोग्रॅमवर काम करून घेऊन बिल लावणारे साहेब, यांना एका मापाने मोजणे मला पटत नाही. मला राग येतो तो याचा, की गरिबाची सबब श्रीमंताने उसनी घेतली आहे. मोटारीतून येणारा माणूस 'आपल्या देशाला परवडत नाही हो' असे म्हणतो, तेव्हा तो आमच्या नावावर सूट मागत असतो.

इथे कोणी मला म्हणेल, तुमच्या दप्तरात पुस्तकांच्या झेरॉक्स नाहीत काय? हा प्रश्न रास्त आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या ओघात लागणाऱ्या अशा प्रतींना कायद्यात सूट आहे, असा कौल दिला. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते निराळेच. पुस्तकाला ग्रंथालय आहे. चारशे रुपयांचे पुस्तक मला परवडत नसेल तर ग्रंथपाल ते मला आठ दिवस देतात, लेखकाचा कसलाही गुन्हा न करता मी ते वाचते. विकतच्या प्रोग्रॅमला असे ग्रंथालय नाही. गरिबाने वाचनालयात जावे, असे सांगता येते. गरिबाने प्रोग्रॅमसाठी कुठे जावे?

याचे उत्तर फार पूर्वीच कोणी तरी शोधून ठेवले आहे, आणि आम्हाला शाळेत संगणकाच्या तासाला ते एकदाही सांगितले गेले नाही, याचे मला नवल वाटते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. प्रोग्रॅम कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, असा तिचा आग्रह. वापरण्याचा परवाना लेखकानेच दिलेला, त्यामुळे चोरीचा प्रश्नच उरत नाही. केरळातल्या सरकारी शाळांचे संगणक कित्येक वर्षे अशाच लिनक्सवर चालतात. तिथली मुले काही अडाणी राहिलेली नाहीत! आपल्या प्रयोगशाळेत आजही एका विशिष्ट कंपनीच्या प्रोग्रॅममधली बटणे पाठ करून घेतली जातात. मग तो घरी परवडत नाही, म्हणून मुले चोरटी प्रत शोधतात, आणि आपण त्यांना अनैतिक म्हणतो. हा न्याय कुठला?

आता अंकाविषयी. 'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करते. गेल्या वर्षी अंकाची मुद्रिते घेऊन मला अनेकदा डी.टी.पी.च्या दुकानात जावे लागले. अंक जुळवला जात होता तो पेजमेकरवर, आणि मराठी अक्षरांचे पॅकेज होते ते कुलूप तोडलेले. ऑपरेटर मोठा सज्जन माणूस. माझ्या पंचवीस ठिकाणच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याने न कुरकुरता सुधारल्या. त्याला विचारले तर म्हणाला, "ताई, पेजमेकर ओरिजिनल घ्यायचा म्हटलं तरी आता मिळतो कुठं? कंपनीनंच बंद केलाय." हे खरे आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. त्याच्या जागी आलेला प्रोग्रॅम वर्गणीवर मिळतो, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या तालुक्याच्या दुकानाला ती वर्गणी वर्षभर भरणे जड जाते. पेजमेकरपुरते मी त्याला दोष देणार नाही. जो माल विकणारा विकतच नाही, त्याचे काय नुकसान होते ते मला शोधूनही सापडले नाही.

पण मराठी अक्षरांचे काय? इथे मात्र 'सातासमुद्रापलीकडची कंपनी' ही सबब लागू पडत नाही. श्रीलिपी पुण्यात तयार झाली. सी-डॅकचे आय.एस.एम. पुण्यातलेच. देवनागरीचा एक टाइप करायचा म्हणजे नुसती बाराखडी काढून भागत नाही. 'क्ष', 'द्ध', 'ह्म', 'स्त्र' अशी शेकडो जोडाक्षरे एकेक करून काढावी लागतात, आणि प्रत्येकाची वेलांटी व रफार जागेवर बसवावा लागतो. चाड्याची भोके कोरण्याइतकेच ते नाजूक काम. ते करणारा माणूस मराठीच असण्याचा संभव फार, आणि आपण मराठीच्या अभिमानाचे लेख त्याच्याच कष्टाची चोरी करून छापतो! मागील अंकात मातृभाषेवर तीन लेख होते. मी तिन्ही मन लावून वाचले होते.

यातून वाट नाही असे नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे टाइप कुणालाही विनामूल्य वापरण्याच्या परवान्यावर उपलब्ध आहेत. ते युनिकोडमधले असल्याने जुन्या पेजमेकरमध्ये चालत नाहीत, पण स्क्रायबस नावाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये आता देवनागरी नीट जुळते. म्हणजे सबंध अंक एकही चोरटी प्रत न वापरता निघू शकतो. अडचण आहे ती निराळीच. ऑपरेटरचा हात पेजमेकरवर वीस वर्षे बसलेला आहे. नवे शिकायला महिना तरी लागेल, आणि त्या महिन्यात त्याच्या लग्नपत्रिका दुसऱ्या दुकानात जातील. फुकट प्रोग्रॅम त्याला फुकट पडत नाही, हे मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करणारे सहसा सांगत नाहीत.

दादालाही मी असेच काहीसे लिहिले. नोकरी सोड, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण अमेरिकेतील संगणक व्यावसायिकांच्या दोन मोठ्या संघटनांनी १९९९ साली केलेल्या आचारसंहितेत, बेकायदा अथवा अनैतिक मार्गाने मिळालेले सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरू नये, असे स्पष्ट कलम आहे. डॉक्टर, वकील यांच्याप्रमाणे आपणही व्यावसायिक आहोत असे तो एरवी सांगतो, मग हे कलम त्याचेही आहे. नऊ परवान्यांची किंमत अमुक, आणि त्याऐवजी अमुक मुक्त प्रोग्रॅमवर इतके काम भागेल, एवढे त्याने साहेबांना लेखी कळवावे, निर्णय साहेबांच्या सहीने व्हावा. तोंडी 'सोय' आणि लेखी हुकूम यांत फार अंतर असते. त्याचे उत्तर आले, "साहेब असलं कधीच लिहून देत नाहीत." मग दोन दिवसांनी दुसरे आले: लिहिले आहे, पाहू.

आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी वार्षिकांकाचे शुल्क भरतो. त्या निधीतून ऑपरेटरच्या शिकण्याच्या महिन्याचा मोबदला द्यावा, पुढील अंक मुक्त टाइपांत जुळवून घ्यावा, आणि मुद्रकाच्या नावाखाली कोणत्या प्रोग्रॅमवर व कोणत्या परवान्याने अंक तयार झाला ती एक ओळ छापावी, असा अर्ज मी संपादक मंडळाकडे दिला आहे. त्यावर माझ्याखेरीज अकरा सह्या आहेत. त्यांपैकी दोन प्राध्यापकांच्या आहेत. बारावी सही ऑपरेटरने करू का म्हणून विचारले होते, पण तो आपल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी नसल्याने ती घेता येईल की नाही, हे कार्यालयातून अजून कळलेले नाही.